एकसंध बोट

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हे मला तिच्या आईने सांगितलं, तेही सगळं संपल्यावर. उठून आधी आईच्या गुडघ्यांना शेक, मग दोघींचं जेवण, मग तीन मजले उतरून बस. पावणेसहाला ती विद्यापीठाच्या फाटकाशी हजर. वॉचमन तिला बघून आपलं घड्याळ लावायचा.

इतक्या लवकर यायचं कारण एक यंत्र. वस्तू पुन्हा पुन्हा वाकवून ती किती वेळा टिकते हे मोजणारं ते यंत्र प्रयोगशाळेत एकच होतं. नऊनंतर ते मोठ्या माणसांच्या नावावर. सहा ते नऊ त्याला कोणी विचारत नसे. ते तीन तास तिने धरले.

मी त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. एकतीस वर्षं. वरच्या प्रयोगशाळेबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. काचेच्या पेट्यांत चार थ्रीडी प्रिंटर, टेबलाला बोल्टने आवळलेला यंत्रमानवाचा एक हात, गरम प्लॅस्टिकचा वास, आणि खुर्चीत बसलेली शिकलेली माणसं. बटण दाबायचं आणि चहाला जायचं, हे काम असं मला वाटे. प्लॅस्टिकची तार वितळवून ते यंत्र थरावर थर देत बसतं. सहा तासांनी आगपेटीएवढी वस्तू मिळते. एवढ्या वेळात मी लेथवर चार करून दिल्या असत्या.

तीही तिथलीच संशोधक, पण तिच्या बाबतीत मत बदललं. ती अ‍ॅप्रनच्या खिशात व्हर्नियर बाळगायची आणि दिसेल ते मोजायची. मी दिलेला पहिला ठोकळा तिने माझ्यासमोरच मोजला. चार जागी. मला राग आला.

"विश्वास नाही का, मॅडम?"

"तुमच्यावर आहे, काका. ठोकळ्यावर नाही."

वर्कशॉपमध्ये तिचं नाव व्हर्नियर पडलं. तिला ते माहीत होतं. एकदा फोनवर स्वतःच म्हणाली, "काका, मी व्हर्नियर बोलतेय."

ती बोट बनवत होती. यंत्रमानवाच्या हाताचं. नेहमीच्या बोटात पिना, स्प्रिंगा, स्क्रू धरून अकरा भाग असतात. जोडायला माणूस लागतो. तिचं बोट एकसंध होतं. सांध्याच्या जागी पातळ केलेलं, तिथे ते आपोआप वाके. प्रिंटरमधून काढलं की हाताला बसवलं. मध्ये कोणी हात लावायचा नाही, हीच त्यातली सगळी गोष्ट.

असं बोट एक लाख वेळा वाकून टिकलं तर एक कंपनी ते घेणार होती. कंपनीने घेतलं की प्रयोगशाळेला मोठं काम आणि तिला कायम नोकरी. तोवर तिची नोकरी वर्षावर होती, दर वर्षी नवी सही. कायम झाली की घरासाठी कर्ज मिळालं असतं. घर तळमजल्यावरचं हवं होतं. आई अडीच वर्षांत जिना उतरली नव्हती. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं तिला खुर्चीत बसवून खाली आणत, आणि वळणावर खुर्ची भिंतीला घासे. तळमजल्याच्या खोलीची आगाऊ रक्कम ती पगारातून बाजूला टाकत होती. डब्यात तिच्या कधी दुसरा पदार्थ मी पाहिला नाही.

तिसऱ्या वर्षी ती बोटांनी भरलेला ट्रे घेऊन खाली आली. प्रिंटरला हवेत छापता येत नाही. म्हणून तो वस्तूखाली काड्यांसारखे आधार उभे करतो, आणि ते मागाहून मोडावे लागतात.

"माझ्या हातून मोडताना सांधा मुरगळतो," ती म्हणाली. "तुम्ही द्याल काढून? फक्त काड्या. बाकी हात लावू नका."

मी हो म्हणालो. दर आठवड्याला ट्रे यायचा, दुसऱ्या दिवशी मी तो वर पोचवायचा. माझ्या टेबलावरून अर्धवट काम कधी गेलेलं नाही.

सुरुवातीची बोटं तीस-चाळीस हजारांवर मोडली. तिने सांध्याचा आकार बदलला. पुन्हा मोडली. पुन्हा बदलला. प्रत्येक मोडलेल्या बोटाला चिठ्ठी लावून ती ड्रॉवरमध्ये ठेवायची, डॉक्टर दात ठेवतात तशी. नऊ वाजता आकडा लिहायचा, यंत्र पुसून मोकळं करायचं, मग दिवसभर इतरांची कामं. मी आयुष्यात कष्ट करणारे खूप पाहिले. पण रोज सकाळी हरून पुन्हा दुसऱ्या दिवशी सहाला येणारी तीच एक.

चौथ्या वर्षी एका सकाळी ती वर्कशॉपमध्ये आली आणि माझ्या हातात एक बोट ठेवलं.

"मोडलं नाही, काका."

त्यानंतर लागोपाठ सहा टिकली. तिने शोधनिबंध लिहिला. तो छापून आला तेव्हा शेवटचं पान मला दाखवायला आणलं. आभारांत एक ओळ होती: नमुन्यांचे आधार काढून दिल्याबद्दल वर्कशॉपच्या फिटरचे आभार. बायकोने ते पान घराच्या कागदपत्रांत ठेवलं. त्याच आठवड्यात व्हर्नियरने आईसाठी बाहेर घालायचे बूट घेतले.

मी निवृत्त झालो. माझ्या जागी कंत्राटावर एक फिटर आला, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. पाच महिन्यांनी सकाळी तिचा फोन आला.

"बोटं मोडताहेत. कंपनीने नवीन वीस मागितली आहेत तपासून. सोळा हजार, एकोणीस हजार. एकही वीस हजारांच्या वर जात नाही."

"तार ओली असेल," मी म्हणालो. तिच्याचकडून ऐकलेलं होतं.

"वाळवली. रीळ बदललं. प्रिंटरचं तोंड बदललं. मोजायचं यंत्र खोलून पुन्हा लावलं. सगळं तपासलं. आता फक्त तुम्ही उरलात, म्हणून फोन केला." ती हसली. "एकदा येऊन यांना दाखवा ना, काड्या कशा काढायच्या. हे बहुतेक पिळतात."

मी गेलो. नवा फिटर पकडीने काड्या मोडून बोटं ट्रेमध्ये टाकत होता. पिळत नव्हता. मोडणं ठीक होतं. मी म्हटलं, सरका. माझ्या जुन्या स्टुलावर बसलो, एक बोट घेतलं, काड्या मोडल्या, कानस उचलली.

"हे काय करताय?" ती म्हणाली.

"काड्या काढतोय."

"काड्या निघाल्या. हातात काय आहे?"

"कानस."

"कशाला?"

मला प्रश्नच कळला नाही. "बर नको काढायला? कड हाताला लागते."

धातू कापला की कडेला बारीक धारदार किनार उरते, तिला आम्ही बर म्हणतो. माझ्या उस्तादाने पहिल्या महिन्यात माझा अंगठा अशा कडेवरून फिरवला होता, रक्त येईपर्यंत. बर असलेली वस्तू टेबलावरून हलवायची नाही. ते मी काम म्हणून कधी मोजलंच नाही. बारीक कानशीचे दोन हात, मग झिजलेला पॉलिश पेपर, मग फडकं. अर्धं मिनिट.

"दर वेळी करायचात?"

"हो."

"सगळ्या बोटांना?"

"हो."

"मी म्हटलं होतं, बाकी हात लावू नका."

"हात कुठे लावला? नुसती कड मारली."

नवा फिटर म्हणाला, "एवढं आपल्या पगारात बसत नाही, काका."

ती वर गेली आणि ड्रॉवर घेऊन आली. टिकलेली सहा बोटं भिंगाखाली ठेवली. बराच वेळ पाहिलं, मग भिंग माझ्याकडे सरकवलं. सांध्याच्या कडेला थरांच्या रेषा असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. तडा नेहमी त्या रेषांच्या खाचेतून सुरू होतो, आणि खाचा मी पुसल्या होत्या. दोन वर्षं तिने प्रत्येक बोट मोडलं तिथे तपासलं होतं. कडेकडे पाहायचं कारण नव्हतं. काम खरबरीत असतं तर पहिल्याच दिवशी तिला दिसलं असतं. ते चांगलं होतं म्हणून दिसलं नाही.

"मग पुढेही कड मारा," मी म्हणालो. "अर्धं मिनिट लागतं."

"कंपनी महिन्याला चाळीस हजार बोटं छापणार आहे, काका. आणि दाब किती देत होता तुम्ही?"

"हाताला कळतो तेवढा."

"तो लिहिता येत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्यांनी तिला बोलावलं. मीही गेलो. चूक माझी होती, सांगायला हवं होतं. सरांनी मला बसायला खुर्ची दिली आणि तिच्याशी बोलले.

"एक ओळ वाढव. नमुने हाताने साफ केले होते. संपलं."

"सर, हात लावला नाही हाच आपला निबंध आहे."

"मग काही करू नकोस. कंपनीचं कंपनी बघेल. तुझी सही पुढच्या महिन्यात आहे. हे लक्षात घे."

तिने लक्षात घेतलं. चार दिवस ती सहाला आली, यंत्रापुढे बसली, यंत्र चालू केलं नाही. हे वॉचमनने सांगितलं. पाचव्या दिवशी तिने निबंध मागे घेत असल्याचं पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं. कारणात लिहिलं, नमुन्यांची कड नकळत घासली गेली. कोणी घासली ते लिहिलं नाही. मी म्हटलं, लिहा. ती म्हणाली, "तपासायचं काम माझं होतं."

कंपनी गेली. पुढच्या महिन्यात सही झाली नाही. ड्रॉवर रिकामा करायला तिला एक दुपार दिली.

मी तिच्या घरी गेलो ते माफी मागायला. तीन मजले चढताना दोनदा थांबलो. आई खिडकीशी बसली होती.

"तुम्हीच ते काका?"

"हो."

"तुमच्या हाताचं फार कौतुक करायची." मग, "एवढं नीट काम करायची काय गरज होती हो?"

माफी न मागताच मी दाराकडे वळलो.

"बसा," ती म्हणाली. "मला तरी कुठे खाली जायची घाई आहे."

दाराशी ते बूट होते. तळवे कोरे. त्यांना अजून जमीन लागली नव्हती.

व्हर्नियर आतून आली. तिला एकच गोष्ट हवी होती. हात न लावता ते बोट खरोखर किती टिकतं, हा आकडा. सोळा हजार आणि एकोणीस हजार हे नव्या फिटरच्या पकडीतून गेलेले, त्यांवर तिचा भरवसा नव्हता. चुकीचा आकडा तिच्या नावावर छापला गेला होता. मागे घेतला तरी त्या जागी खरा ठेवायला हवा, असं तिचं म्हणणं. विद्यापीठाचं यंत्र आता तिला बंद होतं. औद्योगिक वसाहतीत तपासणीचा एक खाजगी कारखाना होता, तो तासावर पैसे घेई.

"ते पैसे घराचे आहेत," मी म्हणालो.

"तिने विचारलं मला," आई म्हणाली. "मी म्हटलं, घाल. मी खाली जाऊन तरी काय करणार." हे बोलताना ती खिडकीतून खाली बघत होती.

छापून घ्यायला तिने ओळखीच्याचा प्रिंटर वापरला. तीच तार, तेच माप. काड्या स्वतः मोडल्या, मुरगळलेली बोटं बाजूला काढली, वीस निवडली. कारखान्यात पत्र्याच्या छपराखाली सात दिवस ती बसली. मी रोज तिच्यासोबत गेलो. हात खिशात ठेवून बसलो. पहिलं बोट सोळा हजारांना गेलं. सातवं एकवीसला. अकराव्याने तेवीस गाठले तेव्हा ती पुढे सरकून बसली, मीही. ते तिथेच मोडलं.

"चला," ती म्हणाली आणि बारावं लावलं.

विसावं शनिवारी दुपारी मोडलं. तिने सरासरी काढली, पुन्हा काढली. अठरा हजार चारशे. नव्या फिटरची बोटं बरोबर होती. बोट पहिल्यापासूनच टिकणारं नव्हतं. माझ्या हाताने ते दोन वर्षं टिकवून दाखवलं, आणि त्यामुळे तिने सांध्याचा आकार बदलणं थांबवलं. मी ट्रे नुसता ट्रेसारखा परत केला असता, तर ती थांबली नसती. हे मी तिला बोललो नाही. तिला माझ्याआधी कळलं असणार.

एका लहान मासिकाने तिची चार पानं छापली. मी मागून घेऊन शेवटचं पान पाहिलं. आभारांची ओळ नव्हती.

आता ती बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. दर तासाला दहा झाकणं उचलून मोजते. व्हर्नियर कारखान्याचा आहे, संध्याकाळी जमा करावा लागतो. उठते अजून साडेचारलाच. शेक द्यायचा असतो.

ती वीस बोटं माझ्याकडे आहेत. ठेवायला जागा नाही म्हणून तिने दिली. चिठ्ठ्या तिच्या अक्षरातल्या, आकडा आणि तारीख. मी डबा उघडतो तेव्हा कड हाताला लागते. तळमजल्याच्या खोलीसाठी तिने सात वर्षं पगारातून पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून ही बोटं मोडून घेतली. आई तिसऱ्या मजल्यावर आहे.