न टाकलेलं पत्र

निवृत्तीनंतर दोन महिन्यांतच मला घर खायला उठलं. मुलगी नागपूरला, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. उभा जन्म मी वर्ध्याच्या सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढला होता. जुने कागद झटकायचे, क्रमाने लावायचे, यादी करायची, कापडात बस्ता बांधायचा. तेवढं एक काम मला येत होतं, आणि आता ते कोणाला नको होतं. म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांनी जेव्हा विचारलं, "पवनारच्या अलीकडे एक म्हातारे ब्रिगेडियर साहेब राहतात, त्यांचे कागद लावून द्याल का?" तेव्हा मी पुढचं काही न ऐकता हो म्हटलं.

साहेबांचं वय ऐंशीच्या पुढे. मूळचे इकडचेच, पण आयुष्य सगळं छावण्यांमध्ये गेलेलं. पत्नी वारल्या होत्या, मुलगी परदेशात. घरात स्वयंपाकाच्या मावशी आणि काळ्या रंगाच्या चार लोखंडी पेट्या. लष्करी इतिहासाच्या एका संग्रहालयाला हे कागद हवे होते, पण यादी करून द्या असं त्यांचं म्हणणं होतं. मी सकाळी दहाच्या बसने जायची आणि दुपारी एकला परत यायची.

पहिल्या पेटीत हुकूम होते, कोणत्या तुकडीने कधी कुठे हलायचं याचे. दुसरीत वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार. त्यातला अर्धा भांडणाचा होता, हे मला वाचून कळलं आणि साहेबांनी हसून कबूलही केलं. तिसऱ्या पेटीत ते शांतिसेनेबरोबर परदेशात होते तेव्हाचे कागद. दोन देश लढून थकलेले, मधे आपल्या लोकांची ठाणी, आणि दर आठवड्याला तंबूत टेबल मांडून दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांशी बोलणी. त्या बैठकांची इतिवृत्तं टाइप केलेली होती. इंग्रजी मला फार नाही, पण इतिवृत्त म्हटलं की कोण काय बोललं एवढं कळतंच.

एका बैठकीपाशी मी अडखळले. विषय होता मृतदेहांच्या अदलाबदलीचा. एका बाजूचा एकच सैनिक सापडत नव्हता, आणि तो सापडल्याशिवाय करारावर सही होऊ द्यायची नाही असं आपले साहेब धरून बसले होते. पुढच्या सहा बैठकांत तेच. ज्यांचा माणूस होता तेसुद्धा म्हणाले, जाऊ द्या, आम्ही त्याला बेपत्ता धरतो. साहेब म्हणाले, नाही.

"साहेब, त्यांचेच लोक सोडायला तयार होते. तुम्ही काऊन अडून बसले?" मी विचारलं. कामाच्या नादात मी आपल्या बोलीवर येते.

ते खिडकीशी बसून पेपर वाचत होते. "पुढचं लावा बाई," एवढंच म्हणाले.

पुढचं लावताना त्याच फाइलमधून एक निळं आंतरदेशीय पत्र खाली पडलं. पत्ता मराठीत लिहिलेला, कारंजा घाडगे तालुक्यातल्या एका छोट्या पाड्याचा. पत्र बंद केलेलं नव्हतं, टाकलेलंही नव्हतं. यादीत नोंद करायची म्हणून मी उघडलं. "माताजींना नमस्कार. तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला जे कळवण्यात आलं ते पूर्ण खरं नाही. तो सरावात वाहून गेला नाही. तो माझ्याबरोबर होता आणि मी" इथे पत्र थांबलं होतं.

मी मान वर केली तर साहेब माझ्याकडेच बघत होते. पेपर मांडीवर होता.

"ते यादीत घालू नका," ते म्हणाले. मग पेपरची घडी घालून बाजूला ठेवली आणि स्वतःच बोलायला लागले.

एकाहत्तरचं युद्ध जाहीर व्हायच्या काही महिने आधीची गोष्ट. ते तेव्हा कॅप्टन होते. नदीपलीकडे जाऊन एक पूल बघून यायचा, किती रखवाली आहे ते मोजायचं आणि परत यायचं असा हुकूम होता. सहा माणसं, अंगावर लुंगी-बनियन, गळ्यात ओळखीचे बिल्ले नाहीत. त्यांत आपल्या जिल्ह्यातला एक गोंड जवान होता. बावीस वर्षांचा. पोहण्यात त्याचा हात धरणारा तुकडीत कोणी नव्हता म्हणून साहेबांनी स्वतः त्याला निवडलं होतं. काम झालं, पण परत निघताना काठावरून गोळी आली आणि ती त्याच्या पोटात लागली. त्याला होडीत ओढून घेतलं. नदी मोठी, धार ओलांडायला पाऊण तास लागला. मधेच तो गेला.

"मग?"

"आमचा माणूस त्या बाजूला सापडला असता तर कोणाला काय सांगणार होतो? आणि या काठाला प्रेत आणलं तर दहा लोक विचारणार. मला हुकूम होता, मागे काही राहता कामा नये आणि पुढे काही येता कामा नये. होडीला लोखंडी नांगर होता. तो मी त्याच्या कमरेला बांधला. दुसऱ्या कोणाला करायला लावलं नाही."

घरच्यांना कळवलं गेलं की सरावात नदी ओलांडताना वाहून गेला, प्रेत मिळालं नाही.

"पत्र का नाही टाकलं?"

"आधी परवानगी नव्हती. नंतर परदेशात असताना लिहायला घेतलं. पुढे कोणाची परवानगी लागणार नव्हती, तेव्हा माझाच धीर झाला नाही."

खरं तर माझं काम तिथे संपत होतं. पण रेकॉर्ड रूममध्ये जन्म घालवलेल्या बाईला पत्ता दिसला की राहवत नाही. कारंज्याकडचे जुने कोतवाल माझ्या ओळखीचे होते. त्यांना फोन केला. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. आई कधीच वारली होती, वडील त्याआधी. धाकटी बहीण आहे, पाड्यातच राहते.

मी साहेबांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तिला काय माहीत आहे?"

"तुमी कळवलं तेवढंच."

चार दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पाचव्या दिवशी मी गेले तर ते इस्त्रीचे कपडे घालून बसले होते आणि दारात भाड्याची गाडी उभी होती.

कारंज्यापर्यंत हायवेने आणि पुढे सागाच्या जंगलातून कच्च्या रस्त्याने गेलो. बहीण साठीच्या पुढची, काटक, बोलायला स्पष्ट. वीस वर्षं हायवेवरच्या एका ढाब्यावर भाकरी थापायचं काम केलं, असं तिने आल्या आल्या सांगितलं, आणि बाज टाकली. पाण्याचा तांब्या आणून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. निघताना मी कोतवालांना फोन करून निरोप धाडला होता, तेव्हा आम्ही कशाला आलो हे तिला ठाऊक होतं.

"तुमीच होते काय त्याच्यासंगं?" तिने विचारलं.

"हो. मीच होतो."

"मंग सांगा जी."

साहेबांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, काही न लपवता. नांगराचंही सांगितलं. ती खाली मातीत बसून ऐकत होती. मधे एकदाच बोलली.

"म्हंजे वाहून नाई गेला?"

"नाही."

"माय म्हने, माहा पोरगा बुडूच शकत नाई. लोकं म्हनत, पयून गेला असन, तिकडंच बायको केली असन. मायनं दोघाईचंबी आयकलं नाई. आमच्यात मेलेल्या मानसाले घरच्या देवात मिळवतात. तिनं ते करू देलं नाई. मेलाच नाई तं देवात कसा मिळवता म्हने. ती मेली तवा तिले मिळवलं. तो तसाच राह्यला, ना इकडचा ना तिकडचा."

साहेबांनी हात जोडले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "जाताना काई बोलला काय?"

"मराठीत नाही बोलला. हिंदीतही नाही. एकच म्हणत होता, ये र, ये र. मला वाटलं कोणाला तरी बोलावतोय. आईला, नाहीतर तुम्हाला. मी त्याचा हात धरला आणि म्हणत राहिलो, येतायत, येतायत."

बाईने मान वर केली. प्रथमच तिने साहेबांकडे नीट बघितलं.

"ये र नाई जी," ती म्हणाली. "येर. आमच्या बोलीत पान्याले येर म्हनते."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. साहेब बाजेच्या काठावर बसले होते ते जरा पुढे वाकले. त्यांच्या समोरच तो तांब्या होता.

"माझ्या कमरेला बाटली होती," ते म्हणाले. "भरलेली."

तिने पदर डोळ्यांना लावला नाही, मोठ्याने रडलीही नाही. उठून आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. शेवटी तिची सून दाराशी आली आणि म्हणाली, "आता तुमी जा. त्याईले नाई बोलवत."

गाडीत मी साहेबांना म्हटलं, पोटात गोळी लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नसतं, डॉक्टरसुद्धा हेच सांगतात, तुम्हाला शब्द कळला असता तरी देता आलं नसतं.

"ओठ ओले करता आले असते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पेपर वाचणं बंद झालं. मी चौथ्या पेटीतले कागद लावायची, ते नुसते बसून असायचे. एके दिवशी म्हणाले, लिहून घ्या, आणि त्या रात्रीची पूर्ण हकीकत त्यांनी मला सांगितली, तारखेसकट, सगळ्यांच्या नावांसकट. शेवटी तो शब्द आणि त्याचा अर्थ. त्या जवानाचं नाव घालायचं की नाही हे बहिणीला विचारा म्हणाले. मी फोन केला. ती म्हणाली, "घाला. बापाचंबी घाला." मी पाच पानं टाइप केली, साहेबांनी सही केली, एक प्रत मी पाड्यावर पोचवली. सून शाळा शिकलेली होती, तिने ती वाचून दाखवली असेल.

संग्रहालयाचे लोक आले. हुकूम, पत्रव्यवहार, शांतिसेनेची इतिवृत्तं बघून फार खूश झाले. त्या पाच पानांशी मात्र थबकले. हे वर विचारावं लागेल म्हणाले. पानं लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात गेली आणि लिफाफ्यावर काहीतरी क्रमांक पडला. केव्हा उघडणार हे त्यांनाही सांगता येईना. रिकाम्या पेट्या त्यांनी नेल्या नाहीत.

थंडी सुरू होताना साहेब वारले. आजार असा काही नव्हता, जेवण तुटलं होतं. त्यांची मुलगी आली. बारावं झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मावशी सांगतात, बाबा तुमच्याबरोबर कुठेतरी गाडीने गेले होते, तेव्हापासून ते असे झाले. कुठे गेला होतात?" तिचा आवाज चढलेला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही," आणि मग म्हणाली, "तुम्ही तो पत्ता शोधायला नको होता." मलाही ते रोज वाटतं.

फाल्गुनात पाड्यावरून फोन आला. भावाला देवात मिळवलं, असं बहिणीने सांगितलं. प्रेत नव्हतं, वस्तू नव्हती, मग कसं केलं ते मी विचारलं नाही. साहेब गेल्याचं मी तिला सांगितलं. मला राहवलं नाही. विचारलं, "आमी येऊन सांगतलं, ते चुकलं काय?"

"माय असती तं तिले मी हे आयकूच देलं नसतं," ती म्हणाली. "बुडाला नाई म्हनून ती जगली. पानी मांगत गेला हे तिले कसं सांगता?" मग तिने नाक ओढलं. "मले चालते. मी त्याची बहीन होय. येजो कधी इकडं."

येते म्हणाले. अजून जाणं झालेलं नाही.