वरच्या सुरातली ऑपल

पाद्री ब्रदर हेन्सलींनी विचारलं आणि ऑपल स्टिडम ‘हो’ म्हणून मोकळी झाली. विचार कसला करायचा त्यात? डॉइल तिचा पाठचा भाऊ. त्याचं ‘नदीपलीकडचा दिवा’ हे गाणं केंटकीच्या त्या डोंगरांत पेट्रोल पंपापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे वाजायचं. मे महिन्यातल्या डेकोरेशनच्या रविवारी कामासाठी ओहायोला गेलेली माणसं गावी परततात, आपापल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं ठेवतात, मग गाणी होतात. यंदा टेकडीवर डॉइलची कबर नवी होती. त्याचं गाणं बहिणीने नाही तर कुणी म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ती गुणगुणायला लागली आणि तिचे हात थांबले. हे ते गाणं नव्हतंच.

स्टिडमांच्या घरात गाणं दोघांत वाटलेलं असायचं. डॉइल मूळ चाल गायचा आणि ऑपल त्याच वेळी त्याच शब्दांवर, चालीहून वेगळा असा वरचा सूर धरायची. आईने दोघांना लहानपणी तसंच शिकवलं होतं. पुढे डॉइल गायक व्हायला नॅशव्हिलला गेला. त्याच्या गाण्यांत व्हायोलिनं आली, अंगावर चमचमते कोट आले, आणि ऑपलचा सूर तिथल्या पगारी बायका गाऊ लागल्या. ऑपल गावातल्या पोरांना जेवू घालत राहिली. रेडिओवर भाऊ लागला की भांडी विसळत ती आपला वरचा सूर जोडायची. चाल तिने कधी गायलीच नव्हती. ती डॉइलची होती.

“अख्ख्या देशाला पाठ आहे, आणि तुला येत नाही?” शेजारची बर्निस म्हणाली.

“येतं गं. तो असला की येतं.”

“मग फोनवर त्याचं लाव, तू वरून गा.”

“आपल्या कबरस्तानात वाद्य चालतं का कधी? तो स्वतः गिटार गाडीत ठेवून वर यायचा.”

“हो, आणि तो कोट बरा चालायचा! मधमाश्या मागे लागायच्या त्याच्या.”

दोघी हसल्या. हसता हसता ऑपलने एप्रन तोंडाशी धरला. त्याच्या शोकसभेला, नॅशव्हिलच्या त्या मोठ्या सभागृहात, अनोळखी गर्दीत, तिला रडू आलं नव्हतं. ते आता आलं.

मग रोज संध्याकाळी गाडीच्या काचा वर करून ती त्याचं गाणं लावायची आणि त्याच्याबरोबर चाल धरू बघायची. दोन शब्द नीट जायचे. तिसऱ्याला आवाज आपोआप वर निसटायचा, जणू खालची जागा भरलेलीच आहे.

रविवारी टेकडीवर झाडाखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, केळ्याचं पुडिंग मांडलेलं होतं. डॉइलचे बाहेरगावचे चाहतेही आले होते.

“सिस्टर ऑपल, या पुढे,” ब्रदर हेन्सली म्हणाले.

ती मातीच्या ढिगाऱ्याशी उभी राहिली. चाल आठवू लागली. आठवला तो डॉइल, डोळे मिटून, मान तिच्या बाजूला कललेली, तिच्या सुराची वाट बघणारा. ऑपलने वरचा सूर लावला.

उघडा, पातळ, कशावरही न टेकलेला. चाहते एकमेकांकडे बघू लागले. गाणं कुणाला ओळखूच येईना. ती नुसता वरचा सूर गातेय हे ब्रदर हेन्सलींना कळलं. तिला सावरायला म्हणून चाल धरण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तोच बर्निसने त्यांची बाही ओढली.

“राहू द्या. ती डॉइलची जागा आहे.”

मग तिच्याशिवाय कुणीच गायलं नाही. कडव्याच्या शेवटी डॉइल एकटा सूर लांबवायचा, तिथे ऑपल गप्प झाली. त्याचा सूर संपेल एवढा वेळ ती थांबली आणि पुढचं कडवं तिने बरोबर उचललं. म्हातारी माणसं टोप्या छातीशी धरून उभी होती.

जेवणाच्या वेळी एक चाहती तिच्याजवळ आली. “छान गायलात. पण गाणं कोणतं होतं ते?”

“अर्धंच होतं, बाई,” ऑपल म्हणाली आणि ताटं वाढू लागली. कोंबडीची मान डॉइलच्या आवडीची. ती तिने सवयीने बाजूला काढली आणि चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली.