हात पुरेना, विमान उतरतंय!

हसायचं तर हसा मंडळी, पण माझ्या हुशारीपायी एक विमान चक्क म्हशींच्या पाठीवर उतरणार होतं!

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. चांद्याजवळच्या जंगलात आमची धावपट्टी. कडेला लाकडी मनोरा, त्यावर देवाजीभाऊ. विमानं उतरवायचं काम त्यांचं, तारा-बटणं सांभाळायचं माझं. छोट्या विमानात तेव्हा वायरलेस कुठला? मनोऱ्यावरून दिवा दाखवायचा. हिरवा म्हणजे ये, लाल म्हणजे खबरदार, उतरू नको!

या दिव्यांची बटणं होती टेबलाखाली. वाकून वाकून भाऊंची कंबर धरलेली. मला दया आली. भाऊ सुट्टीवर गेले, तसा मी भिंतीवर नवा फळा ठोकला. बटणं त्यावर, अगदी नजरेसमोर! खुर्ची मध्ये येत होती, ती खाली नेऊन ठेवली. स्वतः उभा राहून दाबून पाहिलं. वा! काय सोय!

भाऊ परतले त्याच सकाळी आभाळात घरघर. आणि पट्टीवर म्हशी!

विमानानं नाक खाली केलं. भाऊ फळ्याकडे धावले, हात वर केला... आणि तिथंच थांबले.

मी सहा फुटी. भाऊ माझ्या छातीला लागणार! सुट्टीवरच्या माणसाचं माप कोण घेतो हो?

"अबे, बटन कुठी टांगलं? हात पुरून नाई राह्यला!" भाऊ उड्या मारू लागले.

विमानाची चाकं दिसायला लागली. आतला माणूस मेला, म्हशी मेल्या, आपण जेलात!

"उचल! उचल लवकर!" भाऊ किंचाळले.

मी टेलिफोन उचलला. "हॅलो?"

"फोन नाई बे! मले उचल, मले!"

मी कमरेत धरून भाऊंना वर केलं. त्यांनी लाल बटण असं दाबलं, की फळाच हलला. विमान म्हशींच्या शिंगांवरून घोंघावत वर गेलं. म्हशी पार जंगलात!

विमान घिरटी घालून उतरलं. पायलट तणतणत जिना चढला. दारात येऊन बघतच राहिला. भीतीनं माझे हात असे आखडलेले, की भाऊ अजून माझ्या कडेवरच!

सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग फळ्याकडे पाहिलं, माझ्या उंचीकडे पाहिलं.

"अरे, मग बटण तूच का नाही दाबलंस?"

भाऊंनी कडेवरूनच मान वळवली. "हो ना बे! तूनंच काऊन नाई दाबलं?"

मी भाऊंना हळूच खाली ठेवलं.