हिंगण्याच्या बसमधले कोडे

रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यातले संकेत सरळ नसत. ‘शाबास, पुरुषा! पण राहतोस फांदीवर’, अक्षरे तीन. शाबास म्हणजे वा, पुरुष म्हणजे नर, उत्तर वानर. नव्या संपादकांना हे नको होते. ‘माकड, असं सरळ लिहा. लोकांना वेळ नाही,’ ते म्हणाले. महिनाभरात बदल झाला नाही तर कोडे बंद. मी नकार दिला.

त्याच आठवड्याच्या रविवारी पान लावताना नव्या संकेतांसोबत मागच्या आठवड्याची चौकट छापली गेली. माझ्याही नजरेतून ती सुटली. सोमवारी संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही.

‘बघा,’ संपादक म्हणाले, ‘चूक झाल्याचंसुद्धा कोणाला कळलं नाही. कोणी सोडवतच नाही.’



मंगळवारी पहिली पाळी संपवून हिंगण्याच्या एका कारखान्यातले एक फिटर कार्यालयात आले. रविवारचे कोडे ते आणि त्यांचे सोबती कंपनीच्या बसमध्ये सोडवत. एक जण मोठ्याने वाचे, बाकीचे भांडत, लिहिण्याचे काम यांचे. त्यांनी आम्हा दोघांसमोर संपादकांच्या टेबलावर कागद पसरला. यंत्राच्या जुन्या आराखड्याच्या पाठीवर, पट्टी लावून, शिसपेन्सिलीने आखलेली चौकट. सगळी उत्तरे भरलेली. माझ्या मूळ चौकटीपेक्षा फक्त एक काळे घर वेगळे होते.

‘शब्द बसून नव्हते राहिले जी. मंग आमीच चौकट काढली. दोन दिवस लागले.’

‘फोन का नाही केला?’ संपादकांनी विचारले.

‘काहून करू? आमाले वाटलं, मुद्दामच चुकवली. कोडंवाल्या साहेबाचा काय भरोसा?’

‘ती छपाईची चूक होती,’ संपादक म्हणाले.

फिटरांनी माझ्याकडे पाहिले. ‘मंग मेहनत फुकटच गेली म्हणा.’

‘आणि संकेत सोपे केले तर?’ संपादकांनी विचारले.

‘दोन थांब्यात खतम. पुढं का एकमेकाचं थोबाड पाहाचं?’

ते गेल्यावर संपादक म्हणाले, ‘एका बसवर पेपर चालत नाही.’

मी म्हटले, ‘खरं आहे.’

शुक्रवारी नवे कोडे दिले. सरळ संकेत एकही नव्हता. सोबत चिठ्ठी जोडली: एक शब्द बदलला तरी कोड्याखालून माझे नाव काढावे. रविवारी कोडे जसेच्या तसे छापून आले. कोडे बंद करण्याची सूचना मात्र मागे घेतली गेली नव्हती. महिन्याचे दोन रविवार उरले होते. त्या दोन्हींची कोडी मी सोमवारीच करून दिली, आधीच्याहून अवघड.