भनपुरीची पांढरी खिडकी

नागपूर स्टेशनवर धाकटी बहीण वंदना डबा द्यायला आली. कडेवर दोन वर्षांचं पोरगं, नवऱ्याची रेल्वेत रायपूरला बदली झालेली. "दादा, तिथं इतकी घरं पाहशील, एखादं आमच्यासाठीही बघ." विकाऊ घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा, त्यासाठीच मी रायपूरला निघालो होतो. फोटो पाहून घर घेऊ नये, हे तिला सांगणार तोच गाडी हलली.

रायपूरला दलाल हजर होता. अत्तरात बुचकळून काढलेला माणूस. गाडीत बसल्याबसल्या म्हणाला, "भैया, रूम बड़ा दिखना चाहिए." दहा बाय दहाच्या खोलीत लोकांना काय क्रिकेट खेळायचं असतं, देव जाणे!

फ्लॅट भनपुरीच्या एका पाऱ्यात (वस्तीत) होता. दारात बूट काढले आणि चार पावलांत माझे पांढरे मोजे काळे झाले. घरमालकीण वानखेडेकाकूंनी आमच्या स्वागताला घरातला एकूण एक दिवा लावला होता. ट्यूब, पिवळे बल्ब, वर छताला जांभळी पट्टी. मी एकेक बटण बंद करत सुटलो.

"काहून अंधार करून राहिले जी?"

"काकू, तीन रंगांचे दिवे एकत्र आले की भिंत कावीळ झाल्यासारखी दिसते."

"हव (हो)," म्हणत त्या चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) करायला आत गेल्या. दलाल मात्र जांभळ्या पट्टीसाठी हळहळत बसला. गाढवाला गुळाची चव काय!

खरी परीक्षा खिडकीची असते. खोली नीट दिसेल एवढा उजेड घेतला की खिडकी पांढरी फटक पडते. खिडकीपुरता घेतला की खोलीची अंधारकोठडी होते. म्हणून कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, तेच दृश्य कमी-जास्त उजेडात तीनदा टिपायचं आणि मग एकात एक बसवायचं. लॅपटॉपवर मी ते बसवलं आणि खिडकीत उरला भागातल्या कारखान्यांची धुराडी स्वच्छ उमटली, काळ्याकुट्ट धुरासकट. काम झकास झालं होतं.

दलाल किंचाळला, "चिमनी हटाओ! पहाड़ डाल दो, हरा-हरा!"

"आज पहाड, उद्या समुद्र मागशील! आहे तेच जाईल," मी ठणकावलं.

काकू चील्याची ताटली घेऊन आल्या. आतून काकांचा खोकला थांबत नव्हता. दलालाचा फोन वाजला, तो बाहेर गेला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, यायले लय दम लागते. डॉक्टर म्हणते, हवा बदला. हे विकल्याबिगर नागपूरले पोरीकडं कसं जाऊ? खिडकी पांढरीच राहू द्या. आमी घेतलं ना, तवा फोटोत पांढरीच होती."

ताटली बाजूला ठेवून मी लॅपटॉप ओढला. धुराडी पुसून, लख्ख पांढऱ्या खिडकीचा फोटो मी दलालाच्या हवाली केला. तो खूश झाला, याचाच मला जास्त संताप आला.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. होत असेल. मी नागपूरला परतून मोजे घासत बसलो होतो, तेवढ्यात वंदनाचा फोन आला.

"दादा, रायपूरच्या एका घराची जाहिरात पाहिली. भनपुरीत आहे. खिडकीतून काय उजेड येतो रे! पोरगं मस्त खेळेल तिथं. हे म्हणतात, आजच टोकन देऊन टाकू."

"वंदे, नको."

"काहून?"

काळाच राहिलेला मोजा मी बादलीत टाकला. शेवटी म्हटलं, "तो फोटो मी काढलाय. परक्यांसाठी."