नंतर विचारा

आमचे थोरले साडू जगाच्या उत्पत्तीच्या वेळी हजर असते, तर हे जग अजून व्हायचं राहिलं असतं. ब्रह्मदेवाने बाह्या सरसावून कामाला बसावं आणि यांनी मागून म्हणावं, "घाई काय हाय? काळोख बरा चाललाय की." झालं. ब्रह्मदेवही विचारात पडले असते. मला हे छातीठोकपणे सांगता येतं, कारण हा गृहस्थ माझ्या लग्नापासून माझ्या वाट्याला आलेला आहे. ते राहतात खर्डीला, मी मुरबाडला. मधे बरंच अंतर आहे, म्हणूनच आमचं जमलं.

गैरसमज नको. साडू कशालाही नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणं हाही एक निर्णयच झाला, आणि तो घेण्याइतकी घाई त्यांना नसते. ते म्हणतात, "बघू." भाताचं नवं बियाणं आलं की ते बांधाजवळच्या कोपऱ्यात मूठभर लावतात आणि तीन वर्षं त्याची वर्तणूक बघतात. तोवर ते बियाणं बाजारातून गेलेलं असतं. मग साडू समाधानाने मान हलवतात, की बघा, टिकलं नाही. मुलाने घेऊन दिलेला मिक्सर खोक्यासकट फडताळात आहे, कारण पाटा अजून झिजलेला नाही. एकदा त्यांना बैल घ्यायचा होता, म्हणून ते सलग चार वर्षं म्हसा गावच्या जत्रेला गेले. दर वर्षी बैलाचे दात बघायचे, चालवून बघायचं, शेपटी उचलून बघायचं, आणि संध्याकाळी एक घोंगडी घेऊन परत यायचं. चौथ्या वर्षी एका व्यापाऱ्याशी इतकी ओळख झाली, की तो यांच्या भरवशावर बैल सोडून जेवायला गेला. तेवढ्या वेळात साडूंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्येक बैलाची खोड मनापासून समजावून सांगितली. व्यापारी ढेकर देत परत आला तेव्हा त्याच्या दावणीपुढे चिटपाखरू नव्हतं. साडूंच्या घरात आज पाच घोंगड्या आहेत. त्यातली एक जत्रेशिवाय कुठून आली ते मला माहीत नाही.

अशा माणसाच्या घरात संगणक आला, यात त्यांचा काही दोष नाही. मुलाने नोकरीच्या गावी जाताना नवा घेतला आणि जुना इथेच टाकला. साडूंनी दोन वर्षं त्यावर टॉवेल घालून ठेवला. मग एका उन्हाळ्यात टॉवेल काढला, आणि तो काढायचं कारण होत्या आमच्या ताई. ताई म्हणजे साडूंच्या मंडळी, माझ्या बायकोची थोरली बहीण. ताई धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीवाचून हळदीचं बोट पुढे सरकत नाही. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला, म्हणजे बायकांनी म्हणायचं गाणं. ताईंना ते शेकड्यांनी येत, आणि खर्डीपासून उंबरमाळीपर्यंतच्या घरांतून त्यांना बोलावणं येई. आता डीजे आला. धवलारणीला दहा मिनिटं देतात, तीही डीजेवाला वडापाव खात असेल तेव्हा. गावातल्या एकाही पोरीने ते शिकून घेतले नाहीत आणि ते लिहिलेलेही कुठे नव्हते.

ते साडूंनी लिहायला घेतले. दुपारची जेवणं झाली की ताई खाली बसून सांगायच्या आणि साडू खुर्चीवर बसून उजव्या हाताच्या एका बोटाने ते टंकायचे. संगणकात मराठीचा एक जुना प्रोग्राम होता, जुन्या फाँटाचा. त्यातलं एकेक अक्षर शोधायला यांना इतका वेळ लागे, की सापडेपर्यंत ओळ विसरू नये म्हणून ते ती पुटपुटत राहायचे. एक ओळ पंधरा-वीस वेळा. दिवसाला चार ओळी झाल्या की दमल्यासारखे उठायचे. मला हे बघवत नसे. मी म्हणायचो, दादा, निदान झालंय तेवढं छापून ठेवा. ते म्हणायचे, "कच्चं कशाला छापायचं? पुरं व्हवू दे." अशी किती वर्षं गेली देव जाणे. तो संगणक म्हणजे ताईंच्या धवल्यांची एकुलती एक कणगी झाला.

आणि मग एके दिवशी पडद्यावर चौकट आली. तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली आहे, यापुढे तिची देखभाल होणार नाही, नवी घाला. खाली दोन बटणं: 'आत्ता करा' आणि 'नंतर विचारा'. साडूंच्या स्वभावाला शोभेल असं बटण माणसाने प्रथमच बनवलं होतं. ते रोज सकाळी चहा घेऊन संगणकापुढे बसत, चौकट येण्याची वाट बघत आणि 'नंतर विचारा' दाबून शेतावर जात. एवढ्या अदबीने त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

पण मनातून ते धास्तावले होते. शिष्टिम बदलावी की नाही हे त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, जुन्या मास्तरांना विचारलं. शेवटी गावदेवीला कौल लावला. देवीने सरळ उजवा दिला, म्हणजे बदला. दोन दिवसांनी साडू मला फोनवर म्हणाले, "देवीचं बरोबर हाय रे, पन तिला फाँटातलं काय कळतंय?" शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की मशीन कुरकुरायला लागलंय, असंच ठेवलं तर एक दिवस उठणारच नाही, आणि बदललं तरी फाइली जिथल्या तिथे राहतील. साडूंनी त्याला विचारलं, फाइल राहील, पण अक्षर राहील काय? तो हसला. हे मला कळलं तेव्हा मीही हसलो. घराण्यात संगणकातलं मला कळतं असा समज आहे, कारण कचेरीत निवृत्त होईपर्यंत मी त्याच्यासमोर बसून डुलक्या काढल्या.

शेवटी मी स्वतःच खर्डीला गेलो. आज हा तिढा सोडवायचाच, असं बायकोला बजावून गेलो. तर साडू घरी नाहीत. कुठे गेले? शहापूरला, दुरुस्तीवाल्याला आणखी एकदा विचारायला. ताई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चहा दिला. कप ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तो म्हणाल्या, "चहा टाकू ना भावजी?" मी म्हटलं, घेतला की आत्ता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटलं, केवढा हा पाहुणचार. मी आत जाऊन संगणक चालू केला. चौकट आली. 'आत्ता करा', 'नंतर विचारा'. इतक्या वर्षांचं 'बघू' माझ्या डोक्यात गेलं, आणि मी 'आत्ता करा' दाबलं.

तीन तास पडद्यावर चाक फिरलं. मग नवीकोरी, चकचकीत सिस्टिम आली. फाइली जिथल्या तिथे होत्या. मी विजयी मुद्रेने धवल्यांची फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, चौकोन, स्वल्पविराम; सारवलेल्या अंगणातून कोंबड्या चालून गेल्यासारखं. पुढचं पान तसंच, सगळी पानं तशीच. जुना प्रोग्राम उघडतच नव्हता.

साडू संध्याकाळच्या आत आले. त्यांनी चप्पल काढली, पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं." त्यांनी मला शिवी द्यावी असं मला मनापासून वाटत होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिला नको सांगू."

मग त्यांनी सांगितलं. उंबरमाळीच्या एका लग्नात, ऐन हळदीत, ताई मधेच थांबल्या. बायकांना वाटलं घसा बसला. घसा बसला नव्हता, पुढची ओळच येत नव्हती. त्यानंतर एकेक जायला लागलं. आधी धवले, मग चुलीवर काय ठेवलंय ते, मग कोण येऊन गेलं ते. "ती घाबरली रे," साडू म्हणाले. "मी तिला बोल्लो, तुझा सगळा मी लिवून ठेवलाय, काय जात नाय. त्याच्या भरवशावर ती होती. मंग मी ही शिष्टिम कशी बदलू?"

जिला मी इतकी वर्षं चालढकल समजत होतो, ती राखण होती, आणि मी जाऊन कणगीलाच हात घातला होता. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

ताई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "गेला ना?" त्या म्हणाल्या. "मंग परत लिवा. मी काय मेले नाय अजून." आणि पदर खोचून खुर्चीपाशी खाली बसल्या, नेहमीच्या जागी.

नव्या सिस्टिममध्ये मराठी कसं लिहायचं तेवढं मला येत होतं, ते मी लावून दिलं. ताईंनी डोळे मिटून सुरू केलं. "उंबराची फांदी गो मांडवाला आली." आवाज तसाच होता, खणखणीत. मग त्या थांबल्या. ओठ हलले, पण शब्द येईना. साडू नव्या मांडणीत बोट फिरवत अक्षर शोधत होते. त्यांनी वर बघितलंही नाही, नुसतं पुटपुटले, "पाखरा इचारतान, आमची जागा कोनी नेली."

ताईंनी डोळे उघडले. "तुमी बाप्या मानूस," त्या म्हणाल्या, "धवला गाता?"

"गात नाय," साडू म्हणाले. "'प' शोधतोय."

पुढची ओळ ताईंनी सांगितली. तिच्या पुढची अडली, ती साडूंनी. एकेक ओळ पंधरा-वीस वेळा पुटपुटलेला माणूस तो. सगळे धवले त्याला पाठ होते, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मी परसदारी जाऊन तोंड धुऊन आलो.

दोन महिन्यांनी शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने तो जुना फाँट कुठूनसा मिळवला. मी सगळे धवले त्याच्याकडून वाचता येतील असे पेनड्राइव्हवर घेतले आणि प्रायश्चित्त घ्यायला निघाल्यासारखा खर्डी गाठली. साडूंनी पेनड्राइव्ह उलटसुलट बघितला, जत्रेत बैल बघतात तसा. मग फडताळ उघडून मिक्सरच्या खोक्यात टाकला.

मी म्हटलं, "दादा, लावून तरी बघा. सगळे आहेत."

"बघू," ते म्हणाले. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "सगळा परत मिळाला असा बोल्लो, तर ती बसंल काय रोज माझ्यासंगं?"

आतून ताईंची हाक आली. आज हळदीचे धवले घ्यायचे होते. साडू लगबगीने आत गेले. त्यांना लगबगीने जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ओटीवर बसून राहिलो. आत एक ओळ ताईंच्या आवाजात येई, आणि मग बराच वेळ साडूंचं पुटपुटणं. मधेच दोघांचं थोडं भांडणही झालं, कुठली ओळ आधी यावरून.

त्याला वर्ष होत आलं. पेनड्राइव्ह अजून खोक्यातच आहे. ताईंच्या ओळी कमी होत चालल्यात आणि साडूंच्या वाढतायत, असं बायको सांगते. पेनड्राइव्हचं मी पुन्हा विचारलेलं नाही.