अकरा सेकंदांचा भोंगा

चिंतामणकाका पहिल्यांदा आमच्या रेडिओ स्टेशनवर आले तेव्हा खालून गार्डचा फोन आला. "मॅडम, एक बाबूजी आए हैं, कैसेट लेके. भगा दूं क्या?" मी म्हटलं, वर पाठव. त्या दिवशी "भगा दो" म्हटलं असतं तर एका बाईचे शेवटचे सात महिने बरे गेले असते. पण मला तेव्हा चांगुलपणाचा सोस होता.

काका माझ्या वडिलांचे शाळासोबती. इंदुरात आम्ही अन्नपूर्णेला राहायचो, ते परदेशीपुऱ्यात. कापड मिलमध्ये टाइमकीपर होते, म्हणजे कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला हे लिहायचं काम. पण मिलमध्ये त्यांना ओळखायचे ते दुसऱ्याच कारणाने. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत कँटीनच्या लाउडस्पीकरवर ते रेकॉर्डी लावायचे. बावीस वर्षं लावल्या. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात इतका आवाज असायचा की तिथे कोणी तोंडाने बोलतच नसे, सगळा कारभार हातवाऱ्यांचा. काका सकाळी खात्यातून चक्कर मारायचे तेव्हा विणकर चालत्या साच्यावरूनच फर्माइश करायचे. कपाळावर बोट टेकवलं की कुठलं गाणं, दोन्ही हात पाळण्यासारखे हलवले की कुठलं, सगळं ठरलेलं. काका वहीत टिपून घ्यायचे आणि सुट्टीत वाजवायचे. गाणं मधेच तोडायचं नाही हा त्यांचा नियम होता. शेवटचं गाणं संपलं की लगेच भोंगा व्हायचा आणि माणसं उठायची.

ब्याण्णव साली, मिल बंद झाली त्याच्या आदल्या दिवशी, लक्ष्मण बोराडे नावाच्या विणकराने फर्माइश केली होती. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. लग्नानंतर तो आणि त्याची बायको शारदा महूला पिक्चर बघायला गेले होते, त्यातलं गाणं. शारदा त्या दिवशी डबा घेऊन कँटीनच्या कुंपणापाशी मुद्दाम येऊन उभी होती. पण भोंग्याला अडीच मिनिटं उरली होती आणि गाणं चार मिनिटांचं. काकांनी हातानेच खूण केली, उद्या. दुसऱ्या दिवशी गेटवर कुलूप.

एवढीच गोष्ट. माणसाने अकरा वर्षं उराशी धरून बसावं असं त्यात काही नाही असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण काकांची पोरं नोकरीला बाहेर, पगार गेलेला, रेकॉर्डी मिलच्या सीलमागे सडलेल्या. त्यांच्याजवळ फक्त ती वही राहिली होती आणि वहीत शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण नव्हती.

आता आमच्या स्टेशनबद्दल. नावात काय ठेवलंय. दोन हजार तीन साल, इंदुरात एफएम नवा नवा, आणि आम्ही नंबर वन. दिवसभर तीच पंधरा-वीस ताजी गाणी आलटून पालटून, आणि दर तासाला एक 'थ्रोबॅक'. म्हणजे जुनं गाणं. माझं काम लॉग बनवायचं, कुठल्या मिनिटाला काय वाजणार ते कंप्युटरवर लावायचं. जुनं म्हणजे किती जुनं हे मुंबईहून ठरून यायचं. नव्वद ते पंचाण्णव. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते त्या साली कॉलेजात होते, म्हणून त्यांची आठवण ती आठवण. त्याआधीचं ते भंगार.

काकांनी माझ्या टेबलाशी बसून आमचा थ्रोबॅक ऐकला आणि म्हणाले, "अगं अमिता, हे जुनं कसं? हे तर मिल बंद झाली तेव्हा पानाच्या दुकानावर वाजायचं. आम्ही गेटवर धरना देऊन बसलो होतो आणि दिवसभर हेच डोक्यावर."

"काका, लोकांना आवडतं ते."

"आवडू दे ना, मी कुठे मना करतोय. माझं एकच काम आहे. लक्ष्मणचं गाणं एकदा लावा. पूर्ण. शारदावहिनींचं डोकं आता जाग्यावर राहत नाही, तो पण दिवसभर घरीच असतो त्यांना सांभाळत. डॉक्टर बोलले, जुनं काही ऐकवा, बरं वाटेल."

आणि बदल्यात त्यांनी कॅसेट पुढे केली. मिलच्या दुपारच्या कार्यक्रमाची त्यांनी स्वतः टेप केलेली कॅसेट. फुकट मागायचं नाही ही त्यांच्या पिढीची खोड.

पुष्कर आमचा स्टार आरजे. मराठीच, रामबागेतला, पण माइकसमोर बसला की मराठीला ओळख दाखवायचा नाही. त्याने कॅसेट लावली, दोन मिनिटं जांभया दिल्या आणि बंद करणार तेवढ्यात शेवटी भोंगा झाला. काकांनी तो टेपवर मुद्दाम ठेवला होता. भोंग्याशिवाय कार्यक्रम संपला असं त्यांना वाटायचंच नाही.

पुष्कर खुर्चीतून उडालाच. "भिया! ये क्या चीज है! अमिता, हेच पाहिजे होतं मला. थ्रोबॅकच्या आधी हे वाजणार. भोंगा बजा, टाइम पलटा! लोकं पागल होतील."

काकांना वाटलं त्यांच्या मिलचा मान झाला. डोळे भरून आले त्यांचे. "साहेब, घ्या ना, खुशीने घ्या. फक्त ते गाणं..."

"शुक्रवारी एक वाजता, काका. प्रॉमिस."

काकांनी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांत आधी लक्ष्मणला. लक्ष्मण एका चाळीत वरच्या खोलीत राहायचा, खाली न्हाव्याचं दुकान. शुक्रवारी त्याने शारदाची वेणी घातली, नवी साडी नेसवली, काकांना जेवायला बोलावलं. एक वाजता रेडिओ मधे ठेवून तिघं बसली. हे सगळं मला काकांनी नंतर सांगितलं, अगदी साडीच्या रंगासकट.

एक वाजून चार मिनिटांनी भोंगा झाला. अकरा सेकंद. पुष्करने त्यात घुमारा भरून तो चांगला दणदणीत केला होता.

शारदा उठली. वर्षभरात कोणी हात दिल्याशिवाय न उठलेली बाई उठली, स्वैपाकाच्या ओट्याशी गेली, डबा काढला आणि पोळ्या भरायला लागली. "अहो, पहिला भोंगा झाला, उठा ना! पगार कापतील." गाणं सुरू झालं होतं. लक्ष्मण म्हणत होता, "शारदा, ऐक तरी, महूचं गाणं आहे." ती ऐकेचना. नवऱ्याची मिलची पाळी चुकेल म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. तिने त्याच्या हातात डबा दिला, त्याला दाराबाहेर काढलं आणि कडी लावली. तोवर गाणं संपलंही होतं. पुष्करने ते दीड मिनिटावर तोडून पुढे साबणाची जाहिरात लावली.

लॉगमध्ये दीड मिनिट मीच ठेवलं होतं. पूर्ण गाणं ठेवायला हिंमत लागते आणि माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती.

सोमवारपासून भोंगा दर तासाला. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चौदा वेळा. शहरात हिटच झाला. कॉलेजची पोरं पोह्याच्या ठेल्यावर तोंडाने भोंगा वाजवायची, कोणी म्हातारा रस्ता ओलांडत असला की मागून भोंगा. लक्ष्मणने घरचा रेडिओ त्याच दिवशी बंद केला. पण खाली न्हाव्याकडे आम्हीच, समोर चक्कीवर आम्हीच, बाजूच्या टेलरकडे आम्हीच. नंबर वन म्हणजे काय, पळून जायला जागा न ठेवणं.

मग सुरू झालं. भोंगा झाला की शारदा डबा भरायची आणि नवऱ्याला पाळीवर धाडायची. लक्ष्मण उतरून नाक्यावरच्या चहावाल्याकडे बसायचा, तासाभराने परत यायचा, की पुन्हा भोंगा. डब्यात कधी पोळी, कधी नुसतं मीठ, एकदा घडी घातलेला परकर. चहावाल्याकडच्या रिकामटेकड्यांना नवीन करमणूक मिळाली. "लक्ष्मण भिया, आज कौन सी पाली? ओवरटाइम चालू है क्या?" मिलच्याच माणसांची पोरं ही. कोणी परके नव्हते.

काका पुष्करला भेटायला आले. हात जोडले त्यांनी, मी बघितलंय. "साहेब, माझी चीज मला वापस द्या."

पुष्कर दुष्ट नव्हता, हे लिहायला मला आवडत नाही. त्याने काकांना खुर्ची दिली, थंडा मागवला. "काका, आता ते माझ्या हातात नाही. भोंग्याला स्पॉन्सर आहे. और बुरा मत मानना, सगळं शहर एन्जॉय करतंय, एका घरासाठी कसं बंद करणार? त्यांना बोला ना, कापूस घाला कानात."

"कापूस," काका म्हणाले. "कापूसच होता ना साहेब. जिंदगीभर कापूसच होता."

पुष्करला ते फार आवडलं. संध्याकाळच्या शोमध्ये त्याने ते वाक्य काकांच्या आवाजाची नक्कल करून म्हटलं आणि त्यावर भोंगा मारला.

एका मंगळवारी मी भोंगा लॉगमधून काढून टाकला. सगळे चौदा. मला वाटलं, कोणाला कळतंय. दहा वाजता स्पॉन्सरचा फोन, सव्वादहाला मॅनेजरच्या केबिनमध्ये मी. बाहेर आले आणि अकराच्या तासापासून परत लावला. माझं बंड चार तासांचं. त्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली आणि मी घरी शिकरण केलं.

काका आठवड्याने परत आले. गार्डने आता अडवलं नाही, तो उलट तोंडाने भोंगा वाजवून हसला. काका माझ्यासमोर बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. मला शिव्यांची तयारी होती.

"बंद नाही होणार ना बेटा?"

"नाही काका."

"मग एक कर. रोज मला टाइम लिहून देत जा."

"कसले टाइम?"

"भोंग्याचे. कधी चार मिनिटांनी वाजतो, कधी सत्तेचाळीसला. त्या डबा भरून दारात उभ्या राहतात आणि हा असतो बनियानवर. मग त्यांना वाटतं, पाळी चुकली, नोकरी गेली. रडतात गं, लहान पोरीसारख्या. आधी माहीत असलं तर लक्ष्मण शर्ट-चप्पल घालून तय्यार बसेल."

मी लॉग छापून दिला. काकांनी चष्मा लावून तो वाचला, टाइमकीपरच्या सवयीने एकेका ओळीवर बोट ठेवत. "एक-सत्तेचाळीस. हा काय टाइम झाला?" ते म्हणाले. "आमचा भोंगा कधी असा नव्हता. लोकं घड्याळं लावायचे त्यावर."

सात महिने हे चाललं. रोज संध्याकाळी काका दोन बसा बदलून यायचे, दुसऱ्या दिवसाचा कागद घेऊन जायचे. लक्ष्मण रोज चौदा वेळा चप्पल घालून तयार. त्याचे सात महिन्यांत तीन जोड झिजले आणि तो चालायचा किती, तर जिन्यापासून नाक्यापर्यंत. शारदा मात्र खूश असायची म्हणे. नवऱ्याची एकही पाळी चुकत नव्हती.

जानेवारीत शारदा गेली. मी गेले होते. चाळीच्या अंगणात तिला ठेवलं होतं, न्हाव्याने मान राखून दुकान बंद केलं होतं. लक्ष्मण तिच्या उशाशी अनवाणी बसला होता. काका बाजूला. बाया रडत होत्या, कोणीतरी हार सोडवत होतं. तेवढ्यात समोरच्या चक्कीवर भोंगा झाला.

लक्ष्मण उठला. जिन्याखालून चपला घेतल्या, घातल्या, शर्टाची वरची गुंडी लावली आणि तिच्याजवळ येऊन डब्यासाठी हात पुढे केला.

कोणी हसलं नाही, एवढं म्हणायला हवं. काकांनी त्याचा हात धरून हळूच खाली केला आणि त्याला बसवलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवसाचा कागद त्यांच्या वरच्या खिशात होता, मला दिसत होता. मी मान खाली घातली आणि घड्याळ बघितलं. अकरा-बावीस. बरोबर वेळेवर होता.

तिथून मी ऑफिसला गेले आणि दुसऱ्या दिवसाचा लॉग केला. भोंगा चौदा वेळा होता, चौदा वेळा ठेवला.